कप तापत नाही, मग सांधा कसा बसतो?

काका, मायक्रोवेव्हने सिरॅमिकचे तुकडे जोडण्यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दांडिया बाजारात दुधाच्या रांगेत उभ्याउभ्या वाचली. "मायक्रोवेव्हमध्ये चहा उकळतो, कप फारसा तापत नाही. मग त्याच लहरींनी सिरॅमिकचे तुकडे जुळतात म्हणता, ते कसे? माझं आयुष्य मोरबीच्या टाइलच्या भट्ट्यांवर गेलंय, थापा मारू नका."

आधी माझी चूक. 'वितळवून जोडतात' असं मी लिहिलं, ते साफ चुकलं. अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचं सिरॅमिक, वितळतो 2050 अंश सेल्सियसच्या आसपास. सांधा त्याच्या बराच खाली बसतो. कणाकणांच्या मध्ये काचेसारखा अंश असतो, तो मऊ पडतो आणि दाबाखाली तुकडे एकजीव होतात. अगदी शुद्ध अॅल्युमिनात हा अंश नसल्यातच जमा, म्हणून मध्ये काचेचा पातळ थर घालतात.

आता कप. तुमचं निरीक्षण खरंच आहे, पण ते गार कपाचं. गार अॅल्युमिनातून लहरी आरपार जातात. तो तापत गेला की शोषू लागतो. म्हणून सुरुवातीला शेजारी सिलिकॉन कार्बाइड ठेवतात. ते पहिल्यापासूनच लहरी शोषतं आणि त्याच्या धगीने तुकडे तापतात. खरी पंचाईत पुढे. तापला की जास्त शोषतो, जास्त शोषला की आणखी तापतो. पॉवर वेळेत उतरवली नाही तर तुकडा तडकलाच. भट्टीत घाई केली की काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार!

भट्टी कशाला सोडायची, हेही विचारलंत. टाइलसाठी सोडूच नये. पण लांब नळीच्या टोकाला सांधा मारायचा तर अख्खी नळी कशाला भाजायची? धातूच्या पोकळीत लहरींची जत्रा एका जागी भरवतात आणि सांधा नेमका तिथे धरतात.

खात्री करायचीय? घरच्या मायक्रोवेव्हची फिरती थाळी आणि तिच्याखालचं चाक काढा, उपडी बशी ठेवून तिच्यावर कच्चा पापड ठेवा आणि थोडाच वेळ चालवा. काही ठिपके फुलतील, बाकीचा कच्चाच राहील. 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 12 सेंटीमीटर. ठिपक्यांमधलं अंतर साधारण त्याच्या निम्म्याच्या घरात येतं. माझ्याकडे उडदाच्या पापडावर तीन आले. फक्त सोनेरी काठाची बशी घेऊ नका, ठिणग्या उडतात. आमच्या घरी एक गेली, आणि बोलणी अजून चालू आहेत.