बाबांचं दुकान बुडालं, हप्ता तरंगत राहिला

परवा ऑफिसात डबा खाताना पूरग्रस्तांच्या कर्जाचा विषय निघाला आणि एक जण, चांगला मित्र आहे म्हणून नाव घेत नाही, सरळ म्हणाला, "पाणी आलं की कर्ज माफ, मग दर पाच तारखेला ईएमआय भरणारे आम्ही येडे काय?" मी तेव्हा काही बोललो नाही, भाजी गार होत होती. पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. लांबलंय, लोकलमध्ये बसायला मिळालं असेल तरच वाचा.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, हा आकडा मुंबईत पोराटोरांनाही पाठ आहे. आम्ही कुर्ला पश्चिमेला, आणि मिठी नदीपासून चालत दहा मिनिटांवर बाबांचं बाइंडिंगचं दुकान. बिलबुकं, वह्या, कॉलेजच्या पोरांची काळी प्रोजेक्टं. वर्षभर आधीच पतपेढीचं कर्ज काढून सेकंडहँड कटिंग मशीन घेतलेलं. ओला कागद ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, रिम भिजला की फुगतो, आणि गच्च रचलेले रिम फुगले की रॅक फोडून बाहेर येतात. पाणी ओसरल्यावर शटर वर जाईना, आतून कागदानं दाबून धरलेलं, दोन माणसं आणि एक पहार लागली तेव्हा उघडलं. आत खळ आंबल्याचा वास. मशीनच्या मोटरमधून मुठी मुठीनं गाळ निघाला.

आईनं दुकानाच्या वह्या गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या, चिमटे लावून, टॉवेलांच्या शेजारी. खाली निळं पाणी ठिबकत होतं. कोणाकडून किती येणं आहे ते सगळं त्या निळ्या पाण्यात गेलं.

आठवड्यानं बाबा पतपेढीत गेले, मी सोबत होतो. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, चहा मागवला त्यानं. मग म्हणाला, स्टॉक रजिस्टर आणा, तीन वर्षांची रिटर्नं आणा, मशीनचं बिल आणा, मुदतवाढीचा अर्ज कमिटीपुढे ठेवतो. बाबांनी पिशवीतून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वाळून पापडासारखा झालेला, एक पान सुटं होईना. म्हणाले, "ह्यातच आहे सगळं."

पुढे मी अंधेरीला एका केपीओत, म्हणजे परदेशी कंपन्यांची कागदपत्रांची कामं इथं बसून करणाऱ्या ऑफिसात लागलो, काम काय तर अमेरिकन गृहकर्जवाल्यांच्या बँक्रप्सीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, फायली तपासायच्या, रात्रपाळी. तिथं ट्रेनिंगमध्ये कळलं की आपल्याकडे मिठी घुसली त्याच वर्षी, महिन्याभरानं, २९ ऑगस्टला तिकडे कॅटरिना चक्रीवादळ आलं. न्यू ऑर्लिन्सचा साधारण ८० टक्के भाग पाण्याखाली. आणि योगायोग बघा, त्यांनी त्याच एप्रिलमध्ये दिवाळखोरीचा कायदा कडक करून ठेवला होता, तो लागू व्हायचा होता १७ ऑक्टोबर २००५ पासून. म्हणजे लोक छपरावरून उतरून निवारा केंद्रात पोचतायत तोवर नवे नियम दारात हजर.

त्या नियमांत एक मीन्स टेस्ट म्हणून आहे. अर्ज करायच्या आधीच्या सहा महिन्यांची सरासरी कमाई काढायची, ती राज्यातल्या मधल्या उत्पन्नापेक्षा जास्त निघाली की पुढची आकडेमोड, आणि त्यातही नापास झालात तर सरळ सुटका नाही, तीन ते पाच वर्षं हप्ते फेडा. ऐकायला ठीक वाटतं. पण ज्याची नोकरी ऑगस्टच्या शेवटी वादळात गेली त्यानं नोव्हेंबरात अर्ज केला तर त्या सहा महिन्यांत चार महिने पगाराचे धरले जाणार! माणूस आज तंबूत राहतोय, कागदावर मात्र अजून कमावता. परिस्थिती वेगळी आहे म्हणून सांगायची सोय आहे, पण पुराव्यानिशी. शिवाय पगाराच्या स्लिपा द्या, टॅक्स रिटर्न द्या. मला दोरीवरच्या वह्याच आठवल्या. वर अर्जाआधी कर्ज समुपदेशन घ्या अशी अट, म्हणजे ज्याचं घर वादळानं नेलं त्याला बजेट कसं करावं ते शिकवायचं. ती अट लुइझियानात आणि मिसिसिपीच्या दक्षिण भागात काही काळ शिथिल केली, तेवढी अक्कल कोणाला तरी आली. पण वादळग्रस्तांना नव्या कायद्यातून वगळा अशी मागणी त्यांच्या संसदेत झाली होती ती काही पास झाली नाही.

एवढं करून त्यांच्याकडे दार तरी आहे हो. अरुंद का होईना. आपल्याकडे?

आपल्याकडे साध्या माणसाच्या दिवाळखोरीसाठी मुंबई, कोलकाता, चेन्नईला चालतो १९०९ चा कायदा. बाकी देशाला १९२० चा. माझी आज्जी जन्मली नव्हती तेव्हाचे. मुंबईत अर्ज हायकोर्टात. १९०९ च्या मूळ कायद्यात कर्जाची किमान मर्यादा पाचशे रुपये, त्यावरून तो कोणत्या जमान्यातला आहे ते समजा. मग २०१६ ला नवीन नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली, केवढा गाजावाजा. (नादारी शब्द जुन्या लोकांना वेगळ्याच कारणानं माहितीय, शाळेत गरीब पोरांना फीमाफी मिळायची ती नादारी. त्यात कोणाला लाज वाटत नसे.) त्या संहितेत माणसांसाठी आख्खा तिसरा भाग आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांपुरता. म्हणजे बँकेला मोठ्या शेठची वैयक्तिक मालमत्ता धरता यावी म्हणून. बाकीच्यांचं अजून कागदावरच.

आणि त्या कागदावर काय लिहिलंय तेही बघा. फ्रेश स्टार्ट नावाची सोय आहे, गरिबाची पाटी कोरी करायची. वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत. आणि स्वतःचं घर नको, गहाण असलं तरी नको. आमच्या चाळीत ६०,००० मध्ये वर्ष काढणारं घर मला दाखवा. आणि दरडीखाली घर गेलं, फक्त कागदावर नाव उरलं, तर त्याला घर आहे म्हणायचं की नाही? दरडीखाली गेलेल्या तळीयेसारख्या गावातल्या माणसानं ह्याचं उत्तर कोणाला विचारायचं?

गंमत म्हणजे कायद्याला आपत्ती कळत नाही असं नाही. करोनात कळली. २५ मार्च २०२० नंतर थकलेल्या कर्जासाठी कंपन्यांना दिवाळखोरीत खेचायला सहा महिने बंदी घातली, ती वाढवत वर्षभर नेली. त्यासाठी लागणाऱ्या थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर. अगदी योग्य केलं, मी त्याच्या विरोधात नाही. पण मग चिपळूणच्या बाजारपेठेत जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तिथल्या दुकानदाराला हे का नाही?

रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीबद्दल सूचना आहेत, मान्य. पण त्यात मुख्यतः कर्जाची पुनर्रचना, म्हणजे हप्ते पुढे ढकलायचे, मुदत वाढवायची. वस्तू गेली तरी कर्ज तेवढंच. आणि पतपेढ्या त्या सूचनांत येतच नाहीत, खालच्या माणसाचं कर्ज तर तिथंच असतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम १३ होतं, भीषण आपत्तीत कर्जफेडीत सवलत द्यायची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरण करू शकत होतं. वायनाडची दरड कोसळली ३० जुलै २०२४ ला, केरळ हायकोर्टात कर्जमाफीचा विषय चालू होता, आणि २०२५ च्या दुरुस्तीत ते कलमच काढून टाकलं. त्याच वायनाडात दरडग्रस्तांच्या खात्यात आलेल्या सरकारी मदतीतून एका बँकेनं ईएमआय कापून घेतले होते, बोंबाबोंब झाल्यावर परत दिले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

दिवाणी कायद्यात एक कलम ६० आहे, ते मला फार आवडतं आणि फार राग पण येतो. वसुलीत काय जप्त करायचं नाही त्याची यादी. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, बायकांचे धर्माप्रमाणे उतरवता न येणारे दागिने. कोणीतरी किती विचार करून लिहिलीय. आणि पुरात नेमकं हेच जातं. गाद्या गेल्या, भांडी गेली, बाबांचे दाभण-सुया, पटाशी, दाबणीचा प्रेस सगळं गेलं. सावकारापासून वाचवलेलं मिठीनं नेलं आणि हप्ता मात्र जिथल्या तिथं.

आता माझ्या मित्राला उत्तर. माफी वेगळी, दिवाळखोरी वेगळी रे. माफी सरकार देतं, मूड असला की, निवडणूक असली की, आणि ज्याचं नाव यादीत बसेल त्याला. दिवाळखोरीत माणूस उभा राहून सांगतो हे माझ्याकडे आहे, हे घ्या, वाटून घ्या, आणि उरलेल्यातून मला सोडा. यात फुकट काही नाही. अंबानीपासून कुर्ल्याच्या बाइंडरपर्यंत कोणालाही हे म्हणता आलं पाहिजे. तिसरा भाग लागू करा, आकडे आजच्या भावाचे करा, आणि आपत्तीग्रस्ताला एक वेगळं कलम द्या: कागद नसले तर तलाठ्याचा पंचनामा पुरे, कमाई धरायची ती आपत्तीनंतरची, आणि मदतीच्या पैशाला कोणी हात लावायचा नाही.

आमचं काय झालं ते सांगून थांबतो. पतपेढीनं १०१ चा दाखला काढला, म्हणजे सहकार कायद्यातल्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला. बाबांना जामीन होते चाळीतलेच एक काका, सरकारी ऑफिसात शिपाई. बाबांकडे घेण्यासारखं काही नव्हतं म्हणून कपात काकांच्या पगारातून सुरू झाली. दर महिन्याला पगाराच्या दिवशी बाबा जिन्यात काकांची वाट बघत उभे राहायचे, कापलेली रक्कम त्यांच्या हातात द्यायला. दुकान गेलेलं, बाबा लोअर परळला दुसऱ्याच्या प्रेसमध्ये रोजंदारीवर. काही महिने पूर्ण द्यायचे, काही महिने अर्धी, आणि काही महिने मागच्या जिन्यानं यायचे. काकांनी एकदाही दार वाजवलं नाही. काकू मात्र दोन वर्षं आईशी नळावर बोलल्या नाहीत, आणि त्यांची काही चूक नव्हती.

२०१२ ला मिटलं. नो ड्यूज मिळालं त्या दिवशी बाबा स्टेशनवरून घरी यायच्या आधी झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि ते लॅमिनेट करून आणलं, दोन कॉप्या, एक काकांना. आमची माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे, अजून. जून आला की बाबा शिडी लावून बघून येतात.