झाड पिशवीसकट लावायचं नसतं

पावसाळा तोंडावर आला की रोपं लावण्याचा एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या आत्तीपर्यंत पोचला आणि तिनं कागलकडच्या बांधावर आंब्याची कलमं पिशवीसकट पुरली. म्हणून हे लिहितोय. मेसेज सांगतो: पिशवी काढू नका, मुळ्यांना धक्का बसतो, प्लॅस्टिक मातीत आपोआप विरतं; रोप पाच वर्षं कुंडीतच वाढवा; खड्ड्यात युरिया टाका; बारा महिने कधीही लावा.

आधी पिशवीचं. पॉलिथीन मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं. मुळ्या आतल्या आत गोल फिरतात, पाणी जायच्या भोकांतून कशाबशा बाहेर पडतात आणि जाड होऊ लागल्या की तिथंच आवळल्या जातात. वरून झाड हिरवंगार, त्यामुळं कुणाला पत्ता नाही. काही वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात ते बुडातून आडवं होतं आणि लोक वाऱ्याला दोष देतात. चांगली मोकळी जमीन असताना झाड प्लॅस्टिकात कोंडायचं, हा सल्ला कुणाच्या डोक्यातून निघतो?

धक्का बसतो तो हुंडी, म्हणजे मुळ्यांभोवतीचा मातीचा गोळा, फुटल्यावर. आदल्या दिवशी पाणी द्या, ब्लेडनं पिशवी उभी चिरा, हुंडी दोन्ही हातांत धरून खड्ड्यात ठेवा. बुडाशी वेटोळं झालेली मुळी धारदार चाकूनं छाटा. भिऊ नका. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात एडवर्ड गिलमन यांनी कुंडीत वाढलेल्या झाडांच्या मुळ्यांवर बरंच संशोधन केलंय, आणि लावताना हुंडीची बाहेरची कड तासून काढा असंच ते सांगतात. मग नव्या मुळ्या सरळ मातीत शिरतात. झाडं तिकडची, पण भिंत लागली की वळायची खोड आपल्या आंब्या-फणसाच्या मुळ्यांनाही आहे. रोपवाटिकांत रूट ट्रेनर नावाच्या खास कुंड्या असतात त्या याचसाठी: आतल्या उभ्या कडा मुळीला खाली नेतात, तळाच्या उघड्या भोकाशी टोक हवेनं सुकतं आणि बाजूला नव्या मुळ्या फुटतात. यंदा पिशवीसकट लावलेली रोपं अजून वाचतील. माती भुसभुशीत आहे तोवर एखाद्या ढगाळ दिवशी उकरा, पिशवी काढा, परत लावा.

कुंडीत वाढवण्यात तथ्य आहे, तेवढं मान्य. वीतभर रोप थेट रानात लावलं तर शेळ्या आणि गवत त्याला जगू देत नाहीत. दारात एखादं वर्ष सांभाळलेलं टिकतं. पण पाच वर्षं, तेही एकाच कुंडीत? ठेवायचंच तर वेळोवेळी मोठ्या कुंडीत हलवा, आणि हलवताना मुळ्या बघा.

खड्ड्यात युरिया नको, कोवळ्या मुळ्या जळतात. कुजलेलं शेणखत पुरे. आणि ‘कधीही’ हे रोज पाणी घालणारा माणूस असेल त्यालाच. बाकीच्यांनी जूनचे चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की लावावं. गगनबावड्याच्या धो-धो पावसात आधी निचरा बघा. शिरोळच्या काळ्या रानात उंचवटा करून त्यावर लावा, आणि कलमाचा सांधा कुठंही मातीच्या वरच ठेवा.