देवाचं ऐकायचं नसेल तर

देवावर तुमचं प्रेम आहे यात शंकाच नाही. गाडीच्या काचेवर 'माउली' आहे, रिंगटोन हरिपाठाची आहे, सकाळी सहाला ग्रुपवर पहिला विठ्ठल तुमच्याच हातून पडतो. पंचाईत एवढीच की जीव लावला की ऐकणं आलं. आईवर जीव असलेलं पोर निदान जेवायला हाक मारली की उठतं तरी. देवाच्या बाबतीत तेवढेही कष्ट नकोत. जरा डोकं चालवलं की प्रेम शंभर टक्के ठेवून आज्ञा शून्यावर आणता येते.

एकादशीपासून सुरुवात करा. वर्षाला 24, अधिक महिना आला की 26, म्हणजे सरावाला भरपूर वाव. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण टीका समजू नका, पाककृती समजा. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. जुन्या शास्त्रकारांनी त्यांची नावंही ऐकलेली नव्हती, मग मनाई करणार कशी? वकील जिला पळवाट म्हणतो, तिला आपल्याकडे फराळ म्हणतात.

माळेचंही तसंच. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस-मद्य सुटतं, वारी चुकवायची नसते, खोटं बोलायचं नसतं. यातलं पहिलं कडकडीत पाळा, कारण ते चारचौघांत दिसतं. शेवटचं कलम दुकान उघडेपर्यंत पाळलं तरी पुष्कळ. आमच्या ओळखीचे एक माळकरी काट्यावर माल ठेवताना न चुकता 'पांडुरंग' म्हणतात. त्यांचा पांडुरंग पन्नास ग्रॅमचा आहे, असं गिऱ्हाइकं सांगतात.

संतांच्या वाटेला मात्र जपून जा. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. नामदेवांची भाकर कुत्र्यानं पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे. सगळ्यांत देव आहे म्हटल्यावर ही माणसं ते खरंच धरून चालायची. आपण प्रसंगाचं चित्र फ्रेम करून लावावं. तूप घेऊन धावू नये, तेही आजच्या भावात. पंढरपूरचंच बघा. 1947 साली साने गुरुजी तिथे उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या काकड्यापासून शेजारतीपर्यंत सगळं वेळच्या वेळी चाललं होतं.

पण हे सगळं किरकोळ. यातली खरी कारागिरी बघायची तर आमच्या कोकणात या. आमच्याकडे देवाला थेट विचारतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, इथे तर ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. बसा, सांगतो.

आमच्या काकांनी एकदा कौल लावला होता. प्रश्न साधा होता. वडिलोपार्जित घर आणि कलमांच्या बागेत आत्याला वाटा द्यावा का? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे 2005 च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं होतं, पण काकांचं म्हणणं, सरकारचं ऐकायचं की देवाचं? आम्ही मागे मांडी घालून. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास. गाऱ्हाणं संपायच्या आतच उजवी पाकळी टपकन पडली. इतक्या लवकर की काकांच्या डोळ्यांपुढे बहुतेक अर्धी बाग गेली.

ते गुरवाकडे बघत राहिले. गुरव जाणता माणूस. म्हणाला, "पाकळी सुकलेली हा. परत लावया." परत लावली. पुन्हा उजवी. मग काकांना सुचलं की प्रश्नच चुकला. देवाला नीट समजलं नसेल. 'वाटा द्यावा का' ऐवजी 'घराण्याची वास्तू फुटावी का' असं विचारायला हवं. या वेळी उजव्या पाकळीला पाणी जरा जास्त लावलं गेलं. मी जवळ होतो, मला दिसलं. आम्ही बराच वेळ बसलो. एक मुंगी डाव्या पाकळीवर चढली, फिरली, उतरली. शेवटी डावी पडली.

काकांनी नारळ ठेवला, दंडवत घातला. कपाळाला माती लागली तीही पुसली नाही. तेव्हा हेही लिहून घ्या, देवाला विचारायचं सोडू नका. न विचारणारा नास्तिक ठरतो. आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत विचारणारा भक्त ठरतो, आणि त्यात देवाचाही मान राहतो.

त्याच संध्याकाळी काकांनी मुंबईला आत्याला फोन लावला. आवाज अगदी खाली आणला होता. "ताई, माझा काय गो? पण देवानच नाय म्हटल्यान." पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आत्याचा आवाज आला, स्पीकरवर होता म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"देवान सांगल्यान ना? मगे बराबरच आसतला."