सेशन क्रमांकावरून माणूस ओळखता येत नाही

कोल्हापुरातील पतसंस्था, साखर कारखाने आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कार्यालये येथे संगणक सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे : "डेटाबेस प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र सेशन क्रमांक देतो. नोंदीबरोबर तेवढा साठवा, म्हणजे कोणी काय केले ते केव्हाही सांगता येते. शंका असल्यास ऑरॅकलचा ऑडसिड घ्या, तो कधीच दुबार येत नाही." सेशन म्हणजे डेटाबेसशी जोडल्यापासून ती जोडणी तुटेपर्यंतचा काळ; ऑरॅकल हा एक डेटाबेस, आणि ऑडसिड हा त्यात सेशनला तपासणीसाठी मिळणारा क्रमांक. एका पतसंस्थेत अशाच क्रमांकावरून एका कारकुनाकडे खुलासा मागितलेला मी पाहिला आहे, आणि प्रत्यक्षात ती नोंद त्यांची नव्हती; म्हणून हा प्रतिवाद.

क्रमांक स्वतंत्र असतो, पण सेशन चालू असेपर्यंतच. ऑरॅकलमधील एसआयडी, म्हणजे तिथला सेशन क्रमांक, सेशन संपताच मोकळा होतो आणि पुढे दुसऱ्याला मिळतो. गळीत हंगामात वजनकाट्यापुढे आज सत्ताविसावा लागलेला ट्रॅक्टर आणि उद्याचा सत्ताविसावा एकाच शेतकऱ्याचा नसतो, तसेच हे आहे. म्हणूनच सेशन बंद करण्याची आज्ञा एसआयडीबरोबर, तो पुन्हा वापरला गेला की बदलणारा सिरियल क्रमांकही मागते, कारण यादी पाहून आज्ञा देईपर्यंत त्या एसआयडीवर दुसरे कोणी आलेले असू शकते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सेशनचा पीआयडी, म्हणजे प्रोसेस क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम देते आणि तीही तो पुन्हा वापरते. त्यामुळे लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या नोंदवहीत, छापता येणारी सेशनची ओळख सुरुवातीची वेळ आणि पीआयडी जोडून तयार होते. मायएसक्यूएल या डेटाबेसचा कनेक्शन क्रमांक वाढत जातो खरा, पण सर्व्हर पुन्हा सुरू झाला की मोजणी नव्याने होते.

ऑडसिडविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. सिसडीबीए या प्रशासकीय अधिकाराने आलेल्या सर्व सेशनांना, ऑरॅकलच्या १०जी या आवृत्तीपासून, ४२९४९६७२९५ हा एकच ऑडसिड मिळतो. म्हणजे ज्यांच्या हाती सर्वाधिक अधिकार, तेच त्यावरून वेगळे ओळखता येत नाहीत.

सर्वांत घातक गृहीतक मात्र सेशन म्हणजे माणूस हे आहे. वेब प्रणालीत ॲप्लिकेशन सर्व्हर मोजकी कनेक्शने उघडून ठेवतो आणि काउंटरवरच्या दहा-पंधरा जणांची कामे त्यांतून आळीपाळीने पाठवतो, त्यामुळे एकाच सेशनमधून सकाळी ठेवीची पावती निघते आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्याच कर्मचाऱ्याची कर्जाची नोंद जाते. पोस्टग्रेसची कनेक्शने वाटून देणारा पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन पद्धतीने, म्हणजे एका व्यवहारापुरतेच कनेक्शन देत, चालत असेल, तर उलटही घडते : एकाच माणसाचे लागोपाठचे दोन व्यवहार वेगवेगळ्या पीआयडीवरून जाऊ शकतात. आयपी पत्त्याचाही येथे आधार नाही, कारण डेटाबेसला ॲप्लिकेशन सर्व्हरचाच पत्ता दिसतो.

माणसाची ओळख ॲप्लिकेशननेच डेटाबेसला सांगावी लागते. ऑरॅकलमध्ये त्यासाठी क्लायंट आयडेंटिफायर हा, सेशनला वापरकर्त्याचे नाव जोडणारा रकाना आहे. प्रत्येक विनंतीच्या आरंभी तो भरावा आणि कनेक्शन परत करण्यापूर्वी पुसावा, अन्यथा आधीच्या कर्मचाऱ्याचे नाव पुढच्याच्या नोंदीला चिकटते. त्याच्या जोडीला एसआयडी, सिरियल क्रमांक आणि लॉगिनची वेळ एकत्र साठवावी.