एका तासात अख्खं प्राग म्हणे!

प्रागला गेलात आणि तो पांढराशुभ्र नाविकाचा ड्रेस घातलेला माणूस हातात बोटीचे फोटो नाचवत अंगावर आला ना, तर त्याच्या डोळ्यात न बघता सरळ पुढे चालायला लागा. एवढंच सांगायचं होतं खरं तर, पण डोकं इतकं तापलंय की आता सगळंच ओकणार आहे, ज्याला वाचायचंय त्याने वाचा.

पहिली गोष्ट, हे लोक नाविक नाहीत. बोट चालवणं सोडा, अर्धे जण बोटीवर पायसुद्धा ठेवत नसतील, ते नदीतल्या बोटफेरीची तिकिटं विकणारे एजंट आहेत आणि चार्ल्स ब्रिजच्या दोन्ही तोंडांना अशा जागी उभे असतात की त्यांना टाळून पुलावर चढताच येत नाही. आम्ही जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून बसने गेलेलो, आई-बाबा भारतातून आलेले, बाबांचे गुडघे तसे बेताचेच आणि प्रागचे ते गोटे लावलेले रस्ते म्हणजे धडधाकट माणसाचीही वाट लावतात, त्यामुळे तासभर निवांत बसून शहर बघता येईल ही कल्पना आम्हा सगळ्यांनाच आवडली. त्याच्या हातातल्या बोर्डवर काय काय होतं सांगू? राजवाडा, चार्ल्स ब्रिज, नॅशनल थिएटर, ती वाकडी डान्सिंग हाउसची इमारत, वर टेकडीवरचा व्हिशेहरादचा जुना किल्ला. मी मुद्दाम बोट ठेवून विचारलं, हे सगळं दिसणार का? ‘येस येस मॅडम, ऑल प्राग.’ त्या येसला मी आयुष्यभर विसरणार नाही.

आता ऐका. प्रागमध्ये व्ल्टावा नदी आहे पण ती मुंबईच्या खाडीसारखी इकडून तिकडे मोकळी नाहीये. शहराच्या मधोमध तिच्यावर जुने बंधारे आहेत. चार्ल्स ब्रिजच्या जरासा वर एक, नॅशनल थिएटरच्या वर दुसरा, आणि खाली श्टवानित्से नावाचं बेट आहे तिथे तिसरा. बोट काही बंधाऱ्यावरून उडी मारत नाही. म्हणजे एका तासाची जी फेरी आहे ती चेख ब्रिजजवळच्या धक्क्यावरून निघते, चार्ल्स ब्रिजपर्यंत जाते, वळते, परत येते, खाली श्टवानित्सेच्या दिशेला जाते, वळते, परत येते. संपलं. एकूण पाण्याचा तुकडा दोन-अडीच किलोमीटरचा, त्यावर येरझाऱ्या. धडधाकट माणूस काठाने चालत गेला तर अर्ध्या-पाऊण तासात तेवढं अंतर कापून वर आइस्क्रीमपण खाईल.

आणि डान्सिंग हाउस? ते बंधाऱ्यांच्या पलीकडे. नॅशनल थिएटर? पलीकडे. व्हिशेहराद तर त्याच्याही पुढे. तिकडे जायचं तर बोटीला पलीकडच्या काठावरच्या स्मिखोव भागातल्या लॉकमधून जावं लागतं, तिथे दरवाजे बंद करून पाणी भरतात मग बोट वर उचलली जाते, त्याला वेळ लागतो, म्हणून ते दोन तासांच्या महागड्या फेरीतच असतं. हे त्या नाविकवेषातल्या महाशयांना माहीत नव्हतं? रोज तिथेच उभा राहतो की बाबा तू! चक्क जी बोट त्या इमारतीसमोर जाऊच शकत नाही तिच्या जाहिरातीत तिचा फोटो छापायचा, याला काय म्हणायचं?

पैशाचं तर विचारूच नका. माणशी चारशेच्या वर कोरुना (तिथलं चलन), म्हणजे दीड हजार रुपयांच्या घरात, गुणिले चार. वर त्याने कार्डाचं मशीन पुढे केलं आणि मी बघायच्या आत स्वतःच बटण दाबून युरो निवडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मशीन विचारतं की कोरुनामध्ये देणार की तुमच्या चलनात, नेहमी कोरुनाच निवडा, कारण तुमच्या चलनातला दर ते मशीनवाले ठरवतात आणि तो कायम तुमच्या खिशाला कात्री लावणारा असतो. मी म्हटलं कॅन्सल कर, कोरुनामध्ये घे. तर म्हणे सेम सेम. सेम असतं तर मग इतक्या घाईने दाबलंस कशाला रे? त्या शहरात पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांनी टुरिस्टांना इतकं लुबाडलं की शेवटी सरकारला २०१९ मध्ये कायदा बदलावा लागला, आता तिथे हजार युरोपर्यंतची रक्कम बदलली तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. बोटीच्या तिकिटाला पण असंच काहीतरी करा ना! मी तीन तास नाही, अठ्ठावीस मिनिटांत परत गेले असते.

बरं बोटीवर तरी धड? धक्का रस्त्यापासून बराच खाली, दगडी पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, बाबा एकेक पायरी उतरतायत आणि मागून एक बाई ‘प्लीज क्विक क्विक’ करतेय. आत गेलो तर वरच्या मोकळ्या डेकवर सगळीकडे रिझर्व्हडच्या पाट्या, कुठल्यातरी मोठ्या ग्रुपसाठी. आम्ही खाली, काचेच्या आत. ती काच इतकी ओरखडलेली आणि तिच्यावर इतकं ऊन की राजवाड्याच्या ऐवजी माझाच वैतागलेला चेहरा दिसत होता. मागे इंजिनाचा धूर. तिकिटात फ्री ड्रिंक आहे म्हणून केवढं कौतुक सांगितलेलं, ते प्लास्टिकच्या पेल्यात दोन घोट कोमट सरबत निघालं, आईने वास घेऊन बाजूला ठेवलं आणि पाणी मागितलं तर पाण्याचे वेगळे पैसे. तिला व्हेज काय आहे विचारायचं होतं, मी म्हटलं आई राहू दे, इथे गुलाश आणि सॉसेजचाच वास येतोय, आपल्याकडे ठेपले आहेत. तर ‘आउटसाइड फूड नॉट अलाउड’. माझ्या आईच्या हातातल्या ठेपल्याने यांच्या धंद्याला काय धोका होता देवच जाणे.

सगळ्यात जास्त संताप आणला तो त्या रेकॉर्डेड कॉमेंट्रीने. आधी चेकमध्ये, मग जर्मन, मग इंग्लिश, मग पुढच्या कितीतरी भाषा, एकामागून एक, त्यामुळे इंग्लिशचा नंबर येईपर्यंत ती इमारत कधीच मागे गेलेली असते. ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणेपर्यंत डावीकडे झाडी. लेत्ना टेकडीवर तो मोठा लाल मेट्रोनोम (संगीताचा ताल मोजायचं यंत्र) आहे ना, त्याच जागी आधी स्टालिनचा प्रचंड पुतळा होता, १९५५ मध्ये उभारला आणि १९६२ मध्ये स्फोटकं लावून उडवला, केवढी भारी गोष्ट आहे ही, आणि ती आम्हाला ऐकू आली तेव्हा आम्ही एका पुलाखाली काळोखात होतो.

आणि सांगतात काय तर तेच तेच. चौथ्या चार्ल्स राजाने पुलाचा पाया १३५७ मध्ये सातव्या महिन्याच्या नऊ तारखेला पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटांनी घातला, म्हणजे १-३-५-७-९-७-५-३-१, केवढा शुभ मुहूर्त! मग चुन्यात अंडी घातली होती ती दंतकथा, एका गावाने म्हणे फुटू नयेत म्हणून अंडी उकडूनच पाठवली, हा हा हा. ठीक आहे, एकदा हसू आलं. पण जवळपास त्याच जागी त्याआधी जुडिथ ब्रिज नावाचा दगडी पूल होता आणि तो १३४२ च्या पुरात वाहून गेला म्हणून हा नवीन बांधावा लागला, हे सांगा ना. सोळा कमानी, ५१६ मीटर लांबी, आणि वरचे जे पुतळे बघायला जग लोटतं त्यातले बरेचसे आता नकला आहेत, अस्सल म्युझियममध्ये ठेवलेत, हे सांगा. नाही. अंडी.

आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. अख्खं आयुष्य कालवे, बंधारे, कोल्हापूर पद्धतीचे दरवाजे, पूररेषा यात गेलंय. चार्ल्स ब्रिजजवळ बोट वळायला लागली तसे ते गुडघे विसरून उठलेच, कमानींमधून पलीकडे पाण्याची पांढरी रेघ दिसत होती. ‘अगं, हा बंधारा आहे! तिरका घातलाय बघ, आपल्यासारखा आडवा नाही. वरचं पाणी गिरण्यांकडे वळवायला असणार. मग ही बोट पुढे जाणार कशी?’ दोन मिनिटांत माणसाने सगळं ओळखलं. तो बंधारा खरंच मध्ययुगातला आहे, जुन्या शहराच्या बाजूला पाणचक्क्या होत्या त्यांच्यासाठी घातलेला. मी त्या क्विक क्विक बाईला जाऊन विचारलं की याच्या पुढे कधी जाणार, डान्सिंग हाउस कुठेय, तर खांदे उडवून म्हणते, ‘धिस इज वन आवर.’ म्हणजे चूक आमची! एक तासाचं तिकीट काढलंय ना, मग फोटोतलं कशाला मागता!

तिथेच पुलाच्या जुन्या शहराकडच्या टोकाला, काठाच्या भिंतीत, एका दाढीवाल्या माणसाचं दगडी डोकं आहे. ब्राडाच म्हणतात त्याला. पूर्वी लोक पुराचा अंदाज त्याच्यावरून घ्यायचे, पाणी दाढीला लागलं की काठावरच्यांनी सामान आवरायचं, टकलापर्यंत आलं की पाणी जुन्या शहराच्या चौकाकडे निघालं समजायचं. बोटीतून हे किती छान दाखवता आलं असतं! बाबांना तर मी नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हातच लावला, म्हणे अगं हे तर पाणीपातळी मोजायचं जुनं साधन, आणि आपण त्याच्या समोरून गेलो? गेलो बाबा, दोनदा गेलो, पण तेव्हा स्पीकरवर आज संध्याकाळच्या डिनर क्रूझवर सूट आहे हे सगळ्या भाषांमध्ये चालू होतं.

ऑगस्ट २००२ मध्ये हीच नदी इतकी चढली की काम्पा बेट बुडालं, मेट्रोची स्टेशनं पाण्याने भरली, आणि वरच्या अंगाला लिप्नो, ऑर्लिक, स्लापी अशी धरणांची माळ असूनही हे झालं. त्या सगळ्या काठांसमोरून तुम्ही माणसांना नेताय, तुमच्याकडे इतकं सांगण्यासारखं आहे, आणि तुम्ही विकताय काय तर उतरताना चिनीमातीच्या बशीवर छापलेला आमचाच फोटो! हो, चढताना कुणीतरी पटकन फोटो काढलेला, न विचारता, त्यात आई शिंकतेय, आणि त्याची किंमत जवळजवळ एका तिकिटाएवढी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मला कुणी सांगू नका की ‘टुरिस्टी जागा म्हटल्यावर असंच असतं.’ नसतं. त्याच प्रागमध्ये नदी ओलांडायला छोट्या छोट्या फेरी बोटी आहेत, त्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग आहेत आणि ट्राम-मेट्रोचं तिकीट त्यांच्यावर चालतं. त्यातली एक सीझनमध्ये व्हिशेहरादच्या पायथ्याशी असलेल्या व्हिटोन्यपासून पलीकडे स्मिखोवच्या काठाला जाते. उघडी बोट, तोंडावर वारा, वर तो कडा आणि त्यावरच्या चर्चचे दोन काळे मनोरे. कॉमेंट्री नाही, सरबत नाही, बशी नाही. आणि १७ नंबरची ट्राम! व्हिटोन्य, डान्सिंग हाउस, नॅशनल थिएटर, चार्ल्स ब्रिजचं तोंड, अख्खी काठाकाठाने जाते, जे जे त्या बोर्डवर छापलेलं ते ते खिडकीतून दिसतं, बसायला सीट, म्हाताऱ्या माणसाला बघून पोरं उठून जागा देतात. पण हे सांगायला कुणी पांढरा ड्रेस घालून उभं राहत नाही ना, यात कुणाला कमिशन नाही.

आणि हो, ज्यांचा हट्टच असेल बोटीत बसायचा त्यांनी निदान धक्क्यावर जाऊन तिथल्या खिडकीवर तिकीट काढा, रस्त्यावरच्या एजंटाकडून नको, आणि पहिला प्रश्न हा विचारा की बोट लॉकमधून जाणार की नाही. नाही म्हणाला तर थिएटरपासून पुढचं काहीही दिसणार नाही. वरच्या डेकवर जागा मिळणार का हे पण विचारा आणि तिकिटावर लिहून घ्या. लिहून देणार नाहीत, पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले मला ते लॉक बघायचंय. स्मिखोवच्या बाजूला ज्येत्स्की नावाचं बेट आहे, मुलांच्या खेळायच्या जागा वगैरे, त्याच्या कडेलाच ते लॉक. आम्ही पुलावरून चालत गेलो, बाकावर बसलो, ठेपले काढले, कुणी काही बोललं नाही. बाबा मजेत, दरवाजे कसे मिटतात, पाणी किती चढतं, बोट किती वेळात वर येते, सगळं घड्याळ लावून बघत होते आणि आईला समजावत होते, तिला काडीचाही रस नव्हता तरी. आणि समोर लॉकच्या तळाशी ती दोन तासांची, महागडी तिकिटवाली बोट उभी, भरगच्च, दोन्ही बाजूंना शेवाळलेली ओली भिंत, खालच्या डेकवरचे लोक काचेला नाक लावून त्या भिंतीकडे बघतायत आणि स्पीकरवर, शपथ घेऊन सांगते, अंड्यांची गोष्ट चालू होती.