केशवराव धोंडगे आज उभे राहिले असते तर आपण त्यांना पाडलं असतं

नांदेड जिल्ह्यातल्या कंधार-लोह्याकडं आता आमदार एकाच प्रश्नावर मोजला जातो, "निधी किती आणला?" पेव्हर ब्लॉक, सभामंडप, हायमास्ट दिवा. वर लग्नाला, दहाव्याला हजेरी लागली की साहेब पास. या हिशेबानं भाई केशवराव धोंडगे नापास झाले असते.

1922 साली कंधार तालुक्यातल्या गऊळला जन्म. हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी. 1957 ला पहिल्यांदा विधानसभेत गेले, एकूण पाच वेळा आमदार, आणि मधे 1977 ला नांदेडचे खासदार. आणीबाणीत तुरुंगातही जाऊन आले. पक्ष शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), म्हणजे बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर. मंत्रिपदाचा प्रश्नच नाही. नांदेड म्हणजे शंकरराव चव्हाणांचा जिल्हा, काँग्रेसचा गड. तिथं कंधारकडच्या मन्याड नदीच्या खोऱ्यातून शेकापचा लाल बावटा पुन्हा पुन्हा मुंबईला जायचा, ही साधी गोष्ट नव्हती.

विरोधातल्या आमदाराकडं ना खातं, ना बदल्यांची यादी. मग असतं काय? प्रश्न असतो. तारांकित प्रश्न लागला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. वर उपप्रश्न येणार, त्याची धास्ती वेगळीच. म्हणून मंत्रालयातून जिल्ह्याला फोन जातो, जिल्ह्यातून तहसीलला, तहसीलमधून तलाठ्याला. वर्षानुवर्षं गठ्ठ्यात पडलेली फाईल त्या आठवड्यात टेबलावर येते. लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना, अर्धा तास चर्चा ही सगळी हत्यारं याच कामाची. पैसा एकही लागत नाही. लागतो अभ्यास आणि निर्लज्जपणे पुन्हा पुन्हा उभं राहायची तयारी. केशवरावांकडं दुसरी गोष्ट तर भरपूर होती! त्यांची गावरान, खणखणीत भाषा सत्ताधाऱ्यांना झोंबायची. कधी कधी ती मर्यादेच्या पलीकडं जायची, हेही मान्य करायला पाहिजे.

बाहेर त्यांनी शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली, 'जयक्रांती' साप्ताहिक चालवलं आणि गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. शेवटच्या गोष्टीवर शहरातले लोक हसले असतील. पण गुरं राखणाऱ्याला व्यासपीठावर बोलावणारा आमदार मला तरी दुसरा माहीत नाही.

आता कुणी म्हणेल, भाषणानं पोट भरतं का? कंधारची पोरं आजही कामासाठी पुण्याकडं जातात, उसाच्या फडात जातात. खरंय. पण मग सत्तेनं तरी काय भरलं? मराठवाड्यानं चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. नावं आपण अभिमानानं घेतो. तरीही 1984 ला दांडेकर समितीनं अनुशेषाचे, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या कामांचे, आकडे मांडले तेव्हा आपण मागं होतोच. 1994 ला मागास भागाला निधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून वैधानिक विकास मंडळ आलं आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. 288 पैकी 46 आमदार आपले, सगळ्या पक्षांत वाटलेले. मंडळासाठी हे सगळे मिळून सभागृह दणाणून सोडतायत, असं चित्र कधी दिसलं का? उद्धवराव पाटील, बापू काळदाते, केशवराव यांच्या काळात मराठवाड्याचा विरोधी बाक जड होता. आज निवडून आलेला आधी सत्तेत जायची वाट शोधतो, आणि आपणच त्याला सांगतो, "साहेब, सत्तेत जा, नाहीतर कामं होणार नाहीत." दोष एकट्या साहेबांचा कसा म्हणायचा?

2022 च्या ऑगस्टमध्ये विधानसभेनं त्यांच्या शताब्दीचा अभिनंदन ठराव केला. 1 जानेवारी 2023 ला ते गेले. ज्या कंधार मतदारसंघातून ते निवडून यायचे, तोही 2009 पासून राहिला नाही. आता लोहा आहे.

माझी मागणी छोटी आहे. आपल्याकडचे पत्रकार आमदारांच्या वाढदिवसाच्या पानभर पुरवण्या काढतात. त्यातलं एक पान अधिवेशन संपल्यावर द्या. साहेबांनी कोणते प्रश्न विचारले, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, आश्वासनाचं पुढं काय झालं, एवढंच छापा. जाहिरात नाही मिळणार, हे कबूल.