सवाईची दुपार रिकामी जाऊ देऊ नका

डिसेंबर आला की पुण्यात सवाईची, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची चर्चा सुरू होते आणि तिच्याबरोबर एक हळहळसुद्धा. "रात्रभराचं सवाई गेलं हो." ही हळहळ खोटी नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्व ऊर्फ रामभाऊ कुंदगोळकरांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. त्यानंतर कित्येक वर्षं पुणेकरांनी रात्रभर मांडवात बसून ललत हा राग ललतच्या वेळेला, म्हणजे पहाटे, आणि तोडी तोडीच्या वेळेला, म्हणजे सकाळी ऐकली. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणं बंद झालं. सणासुदीचे आणि सांस्कृतिक कार्यक्रमांचे मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षाला पंधराच दिवस. पहाट गेली ती गेलीच.

पण त्या बदल्यात जे हाती आलं, ते आपण मोजतच नाही. रात्र आखडली म्हणून महोत्सव दुपारी सुरू होऊ लागला. एरवी मैफली संध्याकाळी सातला सुरू होतात, त्यामुळे दुपारचे राग आपल्या कानावर जवळजवळ पडतच नाहीत. सारंगाचे प्रकार, भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी हे सगळे रेकॉर्डिंगवर ऐकायचे राग होऊन बसलेत. सवाईच्या मांडवात ते समोर बसून ऐकता येतात, आणि नेमक्या त्याच वेळी निम्मी बैठक मोकळी असते. माणसं सातला येतात, मोठ्या नावांना येतात. माझं स्पष्ट म्हणणं आहे की सीझन तिकीट काढून सातला येणाऱ्यानं निम्मं तिकीट वाया घालवलं.

दुपारी तीन-चारला येऊन बसलं तर काय मिळतं? पुण्यात डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधीच्या तासा-दीड तासात कुणी मुलतानी धरली तर नीट लक्ष द्या. स्वर तोडीचेच आहेत: रे, ग, ध कोमल (उतरलेले) आणि मध्यम (म) तीव्र, म्हणजे चढलेला. पण चढताना रिषभ (रे) आणि धैवत (ध) गाळले जातात, आणि कोमल गंधार (ग) तीव्र मध्यमाकडे ओढला जातो. त्या ओढीत दुपारची तलखी आहे. मग सहाच्या आसपास पूरिया, मारवा किंवा श्री आला तर कोमल रिषभ तोच राहतो, पण गंधार शुद्ध होतो आणि बाहेरचा उजेड बदलल्यासारखं ऐकण्याचं अंगच बदलतं. मारवा आणि पूरिया यांचे स्वर एकच, पंचम (प) दोघांतही नाही. मारव्यात रिषभ-धैवतावर जोर आणि षड्जावर (सा) येणं टाळत नेलेलं, पूरियात गंधार-निषादावर (ग-नी) मुक्काम. हा फरक पुस्तकात दहादा वाचून कळत नाही. मांडवाबाहेर अंधार पडत असताना एकदा ऐकलं की कळतो. पुढे यमन, शुद्ध कल्याण, मग बिहाग, बागेश्री अशी रात्र चढत जाते. चार ते दहा हा सलग प्रवास झाला पाहिजे. मधूनच चढलात तर तो प्रवास तुम्हाला भेटत नाही.

या वेळेत बऱ्याचदा तरुण गायक-वादक असतात. त्यांना मिळतो तास, कधी त्याहून कमी. एवढ्या वेळात विलंबित (संथ) ख्याल, द्रुत (जलद) ख्याल आणि जमलंच तर एखादा अभंग बसवायचा असतो. रिकाम्या बैठकीसमोर हे करणं फार अवघड असतं. दाद समोरून आली की गाणं फुलतं, हे ज्यांना पटतं त्यांनी दुपारी यावं.

शास्त्रीय संगीत नवीन असलेल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिनं ऐकणं पालटतं. बडा ख्याल, म्हणजे सुरुवातीचं संथ गाणं, बहुधा विलंबित एकतालात असतो. बारा मात्रा, पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, कधीकधी मिनिटभर चालतं. त्यात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे हे नवख्याला सापडत नाही, आणि सगळे एकदम मान हलवतात तेव्हा आपण मागे राहतो. गाणाऱ्याकडे बघू नका, डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा) ऐका. ठेका, म्हणजे तबल्याचे ठरलेले बोल, असा आहे: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. म्हणजे "तिरकिट" दोनदा येतं. पहिल्या तिरकिटानंतर "तू ना कत् ता" या चार मात्रांत डग्ग्याचा घुमारा थांबतो, ऐकू येतो तो मुख्यतः तबला. घुमारा परत आला की नववी मात्रा लागली असं समजा. मग दुसरं तिरकिट, त्यानंतर "धी ना" या दोनच मात्रा, आणि सम. पाच-सहा आवर्तनं एवढंच करा. त्यानंतर गाणारा मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) कुठून उचलतो आणि समेवर कसा अलगद उतरतो, हे दिसायला लागतं. तिथून पुढे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

कलाकार वाद्य सुरात लावत बसला की मागून चुळबुळ सुरू होते. तिचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. दुपारी कापडी मांडवात चांगलं गरम होतं आणि रात्री पारा झपझप उतरतो. गारव्यात तारा आकसतात आणि तानपुरा चढतो. बासरीचं उलट, थंड हवेत ती उतरते. तबल्याची पुडी दमट हवेत सैल पडते, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) हातोडी मारून ती पुन्हा ताणावी लागते. म्हणजे एकाच मंचावर एक वाद्य वर चाललंय आणि दुसरं खाली. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला दोरा केसभर सरकवूनही तानपुऱ्याचा नाद बदलतो. ती पाच मिनिटं मिळाली नाहीत तर पुढचा तास बेसूर जातो. तेव्हा गप्प बसा, आणि जमलं तर त्या लावण्याकडेच कान द्या. चारही तारा मिळाल्या की त्यांतून न छेडलेला गंधार ऐकू येतो.

आता बसायचं कुठं. पैसे असले तरी मी खुर्चीपेक्षा भारतीय बैठकच सुचवीन, फक्त तयारीनं या. सतरंजीवर पाच-सहा तास मांडी घातली की कंबर धरते, आणि त्याचं कारण म्हणजे गुडघे कमरेच्या वर राहतात. तीन-चार इंच जाडीची घट्ट उशी, नाहीतर घडी घातलेली सोलापुरी चादर बुडाखाली घ्या, गुडघे खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ होते. मऊ उशी तासाभरात चपटी होते, तिचा उपयोग नाही. अंगात सुती कपडे आणि पिशवीत शाल, कानटोपी. दुपारी स्वेटर घालून आलात तर घामाघूम व्हाल, नुसत्या सदऱ्यावर आलात तर नऊनंतर कुडकुडाल. चपलांसाठी वेगळी पिशवी, पाण्याची बाटली आणि धुळीचा त्रास असेल तर रुमाल.

जागा मंचाच्या मध्यरेषेवर धरा, पहिल्या तृतीयांशात. अगदी पुढे बसलं की चेहरा दिसतो, पण मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो. कडेच्या स्पीकरखाली बसलं तर एकाच बाजूचा कान भरून जातो. फार मागे पडद्यावर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कारण आवाजाला ३४ मीटर यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मागे वेगळे स्पीकर असतील आणि त्यांचा आवाज हिशेबानं उशिरा सोडलेला नसेल तर तान दोनदा ऐकू येते. असं झालं तर दहा-पंधरा पावलं पुढे सरका, फरक पडतो.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. दुपारी एक जण येतो, दहा जणांची चादर अंथरतो आणि निघून जातो. ते दहा जण सातला उगवतात. तोवर समोरची सगळ्यात चांगली जागा ओस, आणि दुपारी खरोखर ऐकायला आलेला माणूस खांबाआड. चादर आपल्यापुरती आणि शेजारी बसणाऱ्या एखाद्यापुरतीच घाला.

उठायचं असेल तर दोन कलाकारांच्या मध्ये उठा. विलंबित संपून द्रुत सुरू होताना उठणाऱ्यांची लाटच येते, ती टाळा. खाण्याच्या स्टॉलवर आणि स्वच्छतागृहाशी मध्यंतरात रांग लागते, म्हणून पोटभर जेवण घरूनच उरकून या आणि तिथे चहा-भजीपुरतं ठेवा. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा राग जातो. स्वारगेटपर्यंत मेट्रोनं किंवा पीएमपीच्या बसनं या आणि पुढे रिक्षा करा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी बघून ठेवा.

सगळे दिवस जमत नसतील आणि एकाच दिवसाचं तिकीट काढायचं असेल तर बहुतेक जण शनिवार निवडतात, कारण त्या दिवशी बारापर्यंत चालतं. मी रविवार सांगेन. अलीकडच्या वर्षांत रविवारचं सत्र भर दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतं. शुद्ध सारंग, वृंदावनी सारंग, गौड सारंग त्यांच्या हक्काच्या वेळेला ऐकायला मिळण्याची शक्यता त्याच दिवशी. वेळापत्रक जाहीर झालं की आधी सुरुवातीची वेळ बघा, साडेअकराला मांडवात पोचा आणि पहिल्या कलाकारापासून बसा.